मदत हवी आहे: किल्ल्यावरचे मावळे स्वतः घडवायचे आहेत

नमस्कार मंडळी. दिवाळीत मुलांबरोबर किल्ला करतो. यंदा विकतची चित्रं न मांडता मावळे स्वतः घडवायचं ठरवलंय. उंची साधारण ५४ मिमी. म्हणजे डोकं जेमतेम ७ मिमी, वाटाण्याच्या दाण्याएवढं!

आधी शाडू घेतली. तारेच्या सांगाड्यावर थापली, पण वाळताना माती आकसते, तार आकसत नाही; दुसऱ्या दिवशी दोन्ही हात खांद्यापासून तडकले. आता गळती बुजवायची दोन भागांची इपॉक्सी पुटी वापरतोय. तिला तडे जात नाहीत, पण बोटांना फार चिकटते आणि चेहऱ्यापर्यंत पोचेतो घट्ट व्हायला लागते.

पगडी आणि ढाल बरी जमली. अडलंय ते चेहऱ्यात. दाभणाने डोळे कोरायला गेलो की नाक दबतं. धड आधी पूर्ण कडक होऊ देऊन चेहरा दुसऱ्या दिवशी करावा का? बोटांना पाणी लावावं की तेल? तेलावर पुढचा थर आणि रंग धरेल का, ही शंका आहे.

पेणकडच्या किंवा कुठल्याही मूर्तिकामातल्या कुणी हत्यारांबद्दलही सांगितलं तर फार बरं होईल. मुलगी रोज विचारते, "बाबा, मावळ्याला डोळे कधी?"