मका टोकण यंत्राच्या चोचीत माती अडकते, डिझाइनमध्ये काय बदलू?

मंडळी मदत हवी आहे. हाताने ढकलायचं चाकाचं टोकण यंत्र घरीच बनवलंय, १० चोची (जमिनीत घुसून उघडणारी आणि बी सोडणारी टोकं), मक्यासाठी दोन बियांत २० सेंमी अंतर म्हणून चोचीच्या टोकाशी व्यास साधारण ६४ सेंमी धरला. मुरमाड रानात झकास चालतं पण काळ्या जमिनीत वाफसा (पेरणीजोगा ओलावा) असतानाही पाच-सहा फेऱ्यांत चोचीत माती गच्च बसते, झडप पूर्ण मिटत नाही, मग पुढचं बी आतच अडकतं आणि सलग नांगे (बी न पडलेल्या रिकाम्या जागा) पडतात.

आत्तापर्यंत स्प्रिंग जाड केली, तर चोच उघडायलाच जोर लागायला लागला. चोच घासून निमुळती केली, थोडा फरक पडला. ओली माती खरडायला पट्टी लावली, ती फक्त बाहेरची काढते. बियाण्याचा रोलर ठीक आहे, हवेत चाक फिरवलं की प्रत्येक चोचीत एकच दाणा पडतो, तिथे घोळ नाही.

ट्रॅक्टर नाही, एकट्याने ढकलायचंय त्यामुळे वजन वाढवता येणार नाही, आणि माझ्याकडे वेल्डिंग आणि ग्राइंडर एवढंच आहे, लेथ नाही.

चोचीचा हलणारा भाग सध्या पुढच्या बाजूला आहे, तो मागच्या बाजूला घेतला तर जमिनीतून निघताना माती कमी भरेल का? कुणी करून पाहिलंय का?