अनुभव धागा: बाळंतपणात सुईण, सिस्टर, आशाताई... तुमच्या हाताशी कोण होतं?

घणसोलीची_मानसी: आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेला सातवा लागलाय. काल सांगत होत्या की पाय सुजलेत, डोकं ठणकतंय, पण पहिलटकरणीला होतंच म्हणे असं. माझ्या पोटात गोळाच आला, कारण माझ्या वेळी हेच झालं होतं आणि आमच्या आशाताईंनी ते ओळखलं. लिफ्ट बंद, जिने चढून आल्या, धापा टाकतच म्हणाल्या, जोडवी निघतात का बघ गं. निघेनात. तशीच नागरी आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या, सिस्टरनी बीपी घेतलं, बसवून ठेवून परत घेतलं, लघवी तपासली आणि थेट मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी. घरी जाऊन बॅग भरते म्हटलं तर म्हणाल्या बॅग नवरा आणेल, तू रिक्षात बस. लेक आता शाळेत जाते. तुमचेही अनुभव लिहा, चांगले वाईट सगळे.

रिटायर्ड_सिस्टर: मानसी, सुनेला आजच्या आज पाठव, दर महिन्याच्या 9 तारखेच्या सरकारी तपासणीची वाट बघू नका. बीपी 140/90 किंवा वर गेलं की दुर्लक्ष नाही करायचं. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखतंय, यातलं काहीही असेल तर रात्री सुद्धा निघायचं.

मुरबाडकर: माझी आजी सुईण होती. ब्लेड, दोरा सगळं उकळून घ्यायची, नखं कापलेली, हात कोपरापर्यंत धुणार, आणि नाळेला शेण राख काही लावू द्यायची नाही, त्यावरून बायकांशी भांडायची. पण वार (बाळानंतर पडते ती) अडकली की पहिली तीच ओरडायची, गाडी जुंपा. म्हणायची रक्त थांबवायला माझ्याकडे काही नाही. सगळ्या सुईणी अडाणी असं कोणी बोललं ना की राग येतो

रिटायर्ड_सिस्टर: @मुरबाडकर आजींना नमस्कार. त्यांच्याकडे नव्हतं ते आता आहे, बाळ बाहेर आल्यावर लगेच आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, 10 युनिट. पण तेच इंजेक्शन बाळ व्हायच्या आधी कळा वाढवायला कोणी घरी येऊन टोचत असेल तर त्याला दारातूनच हाकला. गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरतं. वस्तीतून अशा बाया आलेल्या बघितल्यात मी.

कळव्याची_सई: मला कळा येत असताना एकीने मांडीवर चापट मारली, दुसरी पोटावर कोपराने दाबत होती. मोठं हॉस्पिटल होतं, नाव नाही लिहीत. आईला बाहेर बसवलेलं. बाळ ठीक आहे, पण अजून कधी कधी रात्री आठवतं

ऐरोली_आई: सई 🫂

रिटायर्ड_सिस्टर: सई, ते चूकच होतं. पोटावर दाबायचं नसतं. आणि सरकारी दवाखान्यात सोबत एक बाईमाणूस आत घेता येतं, 2016 पासून तसं धोरण आहे. पुढच्या वेळी (किंवा बहिणीच्या वेळी) आधीच विचारून ठेवा.

नेरुळ_वाशी_लोकल: माझी भाची मिडवायफरीचं (बाळंतपण करण्याचं) ट्रेनिंग करतेय, नर्सिंगनंतर 18 महिन्यांचं. तिला शिकवतात की बाईला चालू द्या, हवं तसं बसू द्या, उताणं झोपवून ठेवू नका. आणि गुंतागुंत दिसली की डॉक्टरला बोलवायचं, अंगावर घ्यायचं नाही.

घोडबंदर_बाबा: पुरुषाने लिहिलं तर चालेल ना. रात्री 108 ला फोन केला, माजिवड्याला हे ट्रॅफिक, मी रडकुंडीला. फोनवरच्या ताई शांतपणे विचारत होत्या पाणी कुठल्या रंगाचं गेलं, हिरवट आहे का. मला कळेना हे का विचारतायत. बाळाने पोटात शी केली असेल तर पाणी तसं दिसतं, नंतर समजलं. ताई, जिथे असाल तिथे सुखी राहा.

ऐरोली_आई: मी आत्ता कुकर लावून आले. कोणी अळिवाच्या लाडवाचं प्रमाण सांगेल का, वहिनी येतेय बाळाला घेऊन

दिवा_फास्ट: बाळंतपणानंतरचं पण लिहा कोणीतरी. आमच्या आशाताई दवाखान्यातून आल्यावरही यायच्या, 3, 7, 14, 21, 28, 42 असे दिवस ठरलेले असतात त्यांचे. एकदा बाळ दूध ओढेना, सासूबाई म्हणाल्या झोपाळू आहे. ताईंनी झबलं वर केलं, घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वासांची गती मोजली, 60 च्या वर. मग पुन्हा मोजली. तरी तेवढीच. न्यूमोनिया निघाला. त्या बाईला मानधन वेळेवर मिळत नाही हो, मोर्चाला गेली की लोक नावं ठेवतात, मला फार लागतं ते.

घणसोलीची_मानसी: मावशींची सून जाऊन आली, बीपी वाढलंच होतं, ठेवून घेतलंय. सिस्टर, खूप खूप आभार 🙏 आता रक्त लागलं तर म्हणून दिराला तयार ठेवलाय

रिटायर्ड_सिस्टर: छान केलंत. डिस्चार्ज दिला तरी बीपी तपासत राहायचं, बाळंतपणानंतरही झटका (आकडी) येऊ शकतो.

मुरबाडकर: @ऐरोली_आई अळीव नारळाच्या पाण्यात भिजव, मग खोबरं नि गूळ. प्रमाण आईला विचारून रात्री टाकतो