बहिणीच्या बाळंतविड्यासाठी पहिल्यांदाच विणायचंय: लोकर, सुया, नमुना सुचवा

निफाडचा_दादा
१४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. पहिलटकरीण आहे, म्हणून बाळंतपणाला माहेरी, आमच्याकडे निफाडला येणार. इथली जानेवारीची थंडी नाशिककरांना सांगायला नको. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात.

आमची आई विणायची. आम्हा दोघांचे शाळेचे मरून स्वेटर तिच्याच हातचे. आई जाऊन तीन वर्षं झाली. तिचा सुयांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. त्यात ८, १० आणि १२ असे आकडे कोरलेल्या जोड्या आहेत, आणि एका सुईवर निळ्या लोकरीचं वीतभर विणलेलं काहीतरी तसंच राहिलंय. बाळंतविड्यात घरच्या हातचं काहीतरी असावं असं फार वाटतंय. मी आजवर कधी सुई धरलेली नाही. शेतीची कामं आटोपून संध्याकाळी तासभर मिळतो.

क्रोशा शिकू की दोन सुयांवरचं? लोकर कोणती आणि किती घेऊ? सुयांवरच्या आकड्यांचा अर्थ काय? आणि चार महिन्यांत एक स्वेटर होईल का?

सुलटउलट
१४ सप्टेंबर

होईल, नक्की होईल. नवजात बाळाचा स्वेटर म्हणजे जेमतेम १०० ते १२५ ग्रॅम लोकर. रोज तासभर बसलात तर शिकण्याचे दिवस धरूनही दिवाळीच्या आसपास उरकेल.

सुयांचे आकडे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत आणि ते उलटे चालतात: आकडा मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. हल्लीचे नमुने मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून डब्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवून ठेवा. आईंकडे १० आणि १२ दोन्ही आहेत म्हणजे त्या काठ १२ वर आणि अंग १० वर विणत असणार. काठ घट्ट बसावा म्हणून आपल्याकडे तशीच पद्धत आहे.

कोथरूडची_मावशी
१४ सप्टेंबर

क्रोशा हाताला लवकर बसतो, हे खरं. पण क्रोशाचं कापड जाड आणि थोडं ताठ होतं, लोकरही जास्त खातं. बाळाच्या अंगावर दोन सुयांचंच मऊ पडतं. माझं मत दोन सुया.

लोकरीचं सांगते. रोज धुवायचं कापड आहे हे आधी धरून चाला. बाळ दूध काढणार, ओलं करणार, दिवसाला दोनदा बदलावं लागणार. वर्धमान, ओसवाल यांची बेबी वूल म्हणून मिळणारी फोर प्लाय, म्हणजे चार पदरी पातळ लोकर, बहुतेक ॲक्रिलिक असते, म्हणजे कृत्रिम धाग्याची. ती स्वस्त, मऊ, बादलीत धुतली तरी आक्रसत नाही. अस्सल लोकरीला गरम पाणी आणि चोळणं दोन्ही वर्ज्य. तंतू एकमेकांत अडकून नमदा होतो आणि स्वेटर बाहुलीच्या मापाचा उरतो. पहिल्या स्वेटरला तो धोका नको. खरी लोकर हवीच असेल तर लेबलवर सुपरवॉश (धुतली तरी नमदा न होणारी) लिहिलेली मेरिनो मेंढीची लोकर घ्या, महाग पडेल.

घेताना लोकरीचा गुंडा गालाला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. टोचला तर ठेवून द्या. सगळे गुंडे एकदम घ्या आणि पट्टीवरचा लॉट नंबर सारखा आहे ना ते पाहा. पांढऱ्याचेसुद्धा दोन लॉट शेजारी ठेवले की फरक दिसतो. पुण्यात येणं झालं तर तुळशीबाग आणि रविवार पेठ दोन्हीकडे लोकरीची दुकानं आहेत.

एक विचारू का? काही घरांत बाळ जन्माला यायच्या आधी त्याचं काही आणत नाहीत, शिवत नाहीत. तुमच्या बहिणीच्या सासरी तसं असेल तर विणून आपल्यापाशीच ठेवा.

धनगरवाटा
१५ सप्टेंबर

आमच्या भागात मेंढरामागे चालता चालता लोकर कातणारे म्हातारे लहानपणापासून पाहिलेत, त्यामुळे दादांनी विणायला घेतलं हे मला एकदम घरचं वाटलं. फक्त दख्खनी मेंढीची लोकर बाळासाठी घेऊ नका. घोंगडीला ती उत्तम, ताठ आणि टिकाऊ, पण कोवळ्या कातडीला टोचते.

सुलटउलट
१५ सप्टेंबर

आता नमुन्याबद्दल, कारण नवशिके इथेच चुकतात. यूट्यूबवर सुंदर जाळीचे, पानाफुलांचे स्वेटर दिसतात. ते आत्ता नकोत. जाळीत बाळाची बोटं अडकतात, हे तर आहेच. शिवाय तुम्हाला सध्या एकच टाका यायला हवा: सुलट, म्हणजे धागा मागे ठेवून सुई पुढून घालून घेतलेला साधा टाका.

सगळ्या ओळी सुलट विणल्या की आडव्या सरींचं जाड, लवचीक कापड होतं. दोन्ही बाजू सारख्या, आणि कडा वळत नाहीत. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी गुळगुळीत वीण घेतलीत तर कडा आतबाहेर गुंडाळल्या जातात आणि नवीन माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. तो त्या विणीचा स्वभाव आहे.

आधी नमुन्याचा चौकोन. १० नंबरवर ३० टाके घाला, ४० ओळी विणा, टाके बंद करा. तुकडा धुऊन, वाळवून, न ताणता सपाट ठेवा आणि मधल्या ५ सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजपट्टीने मोजा. कडेचे टाके धरू नका, ते नेहमी सैल असतात. समजा १२ आले. म्हणजे सेंटीमीटरला २.४. हा आकडा तुमच्या हाताचा. माझा वेगळा, आईंचा वेगळा होता. पुस्तकात "५६ टाके घाला" लिहिलेलं असतं ते लिहिणाऱ्याच्या हाताचं असतं.

तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाची छाती साधारण ४० सेंटीमीटर. आत झबलं असणार, अंग हलायला जागा हवी, म्हणून स्वेटर ४६ चा. पाठ त्याच्या निम्मी, २३. तेवीस गुणिले २.४ म्हणजे ५५ आणि थोडं. ५६ घ्या.

आता हा स्वेटर एकाच तुकड्यात विणायचा, म्हणजे शेवटी फक्त काखेपासूनच्या दोन शिवणी:

पाठीचे ५६ टाके घालून १४ सेंटीमीटर सरळ वर जा. मग दोन्ही बाजूंना बाह्यांसाठी ३२-३२ टाके नवीन घाला. सुईवर १२० झाले. (सरळ सुईवर दाटी होते, इथे तारेने जोडलेली गोल सुई घेतलीत तर सोपं जाईल.) ९ सेंटीमीटर विणा. मधले २४ टाके गळ्यासाठी बंद करा. दोन्हीकडे ४८-४८ राहिले. एक बाजू धाग्यावर उतरवून ठेवा, दुसरी ३ सेंटीमीटर विणा. मग गळ्याच्या बाजूला १६ टाके नवीन घाला. त्यातले १२ पुढच्या भागाचे आणि ४ गुंडीपट्टीचे. एकूण ६४. खांद्यापासून मोजून बाही ९ सेंटीमीटर खाली आली की बाहीचे ३२ बंद करा. उरलेल्या ३२ वर १४ सेंटीमीटर विणा, संपलं. दुसरी बाजू तशीच, आरशातल्यासारखी.

स्वेटर पुढून उघडाच ठेवा. डोक्यावरून घालायचा स्वेटर नवजात बाळाला फार त्रासाचा. मान धरवत नसते, चेहऱ्यावर कापड आलं की रडतं.

टोरांटोची_सून
१५ सप्टेंबर

सगळं छान सांगितलंय, मी फक्त बाळाच्या सुरक्षेचं लिहिते. गळ्याला नाडी किंवा लांब गोंडा नको. गुंड्या चपट्या घ्या, आणि शिवल्यावर जोरात ओढून बघा. दोन रंगांचं काही विणलंत तर आतल्या बाजूला लोंबणारे धागे नकोत, त्यात बोटं अडकतात. पायमोज्यांत तर अजिबात नको. घरात झोपवताना टोपडं काढायचं, कारण लहान बाळं डोक्यातूनच बरीच उष्णता बाहेर टाकतात. पुढे कधी गाडीत बाळाच्या सीटवर बसवायची वेळ आली तर पट्ट्यांखाली जाड कपडे नकोत, आधी पट्टे आवळायचे आणि मग वरून पांघरूण. तुमचा पातळ फोर प्लाय स्वेटर चालेल.

निफाडचा_दादा
१६ सप्टेंबर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीच्या सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, विणा, फक्त बारशाला द्या. मोतिया रंगाची फोर प्लाय घेतली, सहा गुंडे, एकाच लॉटचे.

आईच्या त्या निळ्या तुकड्याचं काय करू? सुई मोकळी करायची तर तो उसवावा लागेल का?

कोथरूडची_मावशी
१६ सप्टेंबर

मुळीच उसवू नका. रफूच्या मोठ्या सुईत जाड सुती दोरा ओवा आणि एकेक टाका सुईवरून त्या दोऱ्यावर घ्या. दोऱ्याची टोकं बांधून टाका. टाके जिवंत राहतात, कधीही परत सुईवर घेता येतात. पुढे तुम्ही तोच तुकडा विणत नेऊ शकता, पण तुमचा हात जिथून सुरू होईल तिथे आडवी रेघ दिसेल, कारण ताण वेगळा. त्यात वाईट काही नाही, आधी कळावं म्हणून सांगितलं.

निफाडचा_दादा
९ ऑक्टोबर

चौकोन पाचव्यांदा नीट आला आणि ५ सेंटीमीटरमध्ये बरोबर १२ टाके भरले. पाठ सुरू केली. पण एक कोडं आहे. ५६ टाके घातले होते, वीस ओळींनंतर मोजले तर ६१. मी कुठेच टाका वाढवलेला नाही. दोन्ही कडा तिरक्या बाहेर चालल्यात. शिवाय मध्ये एक टाका गळलाय, खाली शिडीसारखं दिसतंय.

सुलटउलट
९ ऑक्टोबर

टाके कडेला वाढतायत. ओळ संपवून काम फिरवलं की धागा पहिल्या टाक्याच्या पुढे लोंबतो. तुम्ही तो सुईच्या वरून मागे नेत असणार. तसं केलं की पहिला टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. तुम्ही दोन्हींत सुई घालता, एकाचे दोन होतात. धागा सुईच्या खालून मागे न्या आणि पहिला टाका नीट बघून घ्या. आता प्रत्येक ओळीनंतर मोजा, आठवडाभरात मोजायची गरज उरणार नाही.

गळलेल्या टाक्यासाठी क्रोशाची सुई घ्या. शिडीच्या तळाशी सुटलेला फास दिसेल, त्यात पुढून आकडा घाला, वरची पायरी पकडून फासातून पुढे ओढा. ही सुलट बाजूची पायरी. सगळ्या ओळी सुलट असल्यामुळे पुढची पायरी मागच्या बाजूने ओढायची. एक पुढून, एक मागून, असं वर सुईपर्यंत. तरी ६१ चे ५६ करायला ते वीस ओळींचं उसवाच. ॲक्रिलिक आहे, परत वापरता येते.

निफाडचा_दादा
१६ नोव्हेंबर

स्वेटर झाला. खालून मागे नेण्याची युक्ती लागू पडली, नंतर कडा ओळंब्यात आल्या. एक घोळ मात्र राहिला. उजव्या पुढच्या भागाला गुंडीची भोकं ठेवायची विसरलो आणि टाके बंद करून बसलो. शिवाय गळ्याजवळ थोडं फुगतंय. इस्त्री फिरवू का?

कोथरूडची_मावशी
१६ नोव्हेंबर

इस्त्री नको! ॲक्रिलिकला गरम इस्त्री लागली की ते वितळून मरगळतं, परत कधी उभारी धरत नाही. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत सपाट वाळवा. हाताने माप नीट करून ठेवलंत की फुगलेलं बसतं. दोरीवर टाकू नका, बाह्या ओघळतील.

भोकांचं काही अडत नाही. क्रोशाने कडेला साखळीचे छोटे फास करा, गुंडी जेमतेम जाईल इतकेच. जुन्या कुंचीलाही असेच फास असायचे.

निफाडचा_दादा
१८ नोव्हेंबर

फास केले, तीन. बहिणीला फोटो पाठवला तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. नंतर विचारलं, आईच्या सुया का?

अजून वेळ आहे, तर टोपडं विणतो. बाळाचं डोकं ३८ सेंटीमीटर धरलं, घट्ट बसावं म्हणून २ कमी, राहिले ३६. छत्तीस गुणिले २.४ म्हणजे ८६. काठ दोन सुलट, दोन उलट ठेवायचाय, म्हणून चाराने भाग जाईल असे ८८ टाके. बरोबर आहे का?

सुलटउलट
१८ नोव्हेंबर

हिशेब बरोबर. पण २.४ हा सगळ्या सुलट ओळींचा आकडा आहे. टोपड्याला काठानंतर कुठली वीण घेणार, त्या विणीचा चौकोन आधी विणा आणि परत मोजा. काठ मात्र १२ नंबरवर घ्या, आईंच्या डब्यात आहेच.