‘स्टार्ट ओव्हर’ कधी वापरायचं आणि कधी नाही?

प्रश्न: दहावीच्या मुलांना ‘जेवणाच्या सुट्टीनंतर सभा पुन्हा सुरू झाली’ हे वाक्य इंग्रजीत करायला दिलं होतं. बऱ्याच जणांनी ‘द मीटिंग स्टार्टेड ओव्हर आफ्टर लंच’ लिहिलं. हे का चुकलं ते त्यांना नेमकं कसं समजावू? आणि या क्रियापदाला कर्म लागतं का?

उत्तर १: व्याकरण बिघडलेलं नाही, अर्थ बिघडलाय. या वाक्यावरून सकाळचं कामकाज रद्द करून सभा पहिल्यापासून घेतली असं वाटतं. थांबलेलं काम तिथूनच पुढे न्यायचं असेल तर ‘रिझ्यूम’ हवं: ‘द मीटिंग रिझ्यूम्ड आफ्टर लंच’. आपलं ‘पुन्हा सुरू’ दोन्हीकडे चालतं, म्हणून मुलं फसतात. त्यांना मराठी वाक्यात ‘पहिल्यापासून’ घालून बघायला सांगा. विणताना टाके मोजायला चुकलं, ‘आय लॉस्ट काउंट अँड हॅड टू स्टार्ट ओव्हर’. इथे ‘पहिल्यापासून’ चपखल बसतं. सभेच्या वाक्यात घातलं की अर्थच फिरतो.

उत्तर २: बहुतेक वेळा कर्माशिवायच येतं. कर्म द्यायचंच तर मधे: ‘स्टार्ट द गेम ओव्हर’. सर्वनाम तर मधेच हवं, ‘स्टार्ट इट ओव्हर’. ‘स्टार्ट ओव्हर इट’ साफ चूक. ‘ऑल’ हे ‘ओव्हर’च्या आधी येतं: ‘स्टार्ट ऑल ओव्हर अगेन’. बोलताना जोर ‘ओव्हर’वर.

हा मुख्यतः अमेरिकी प्रयोग आहे. ब्रिटिश इंग्रजीत त्या जागी सहसा ‘स्टार्ट अगेन’ म्हणतात. मात्र ‘स्टार्ट अगेन’ थांबून परत सुरू होण्यालाही चालतं. उघडीप मिळून पाऊस परत लागला तर ‘इट स्टार्टेड रेनिंग अगेन’ बरोबर, तिथे ‘ओव्हर’ नको.

उत्तर ३: ‘पहिल्यापासून’ची कसोटी चांगली आहे, पण एका ठिकाणी अपुरी पडते. ‘शी मूव्ह्ड टू अ न्यू सिटी अँड स्टार्टेड ओव्हर’ याला ‘नव्याने सुरुवात केली’ हेच शोभतं. जुनं सगळं मागे टाकल्याची छटा त्यात येते.

वर्गात दाखवायला मोबाइल पुरे. अर्धवट पाहिलेला व्हिडिओ उघडला की काही अ‍ॅपमध्ये ‘रिझ्यूम’ आणि ‘स्टार्ट ओव्हर’ अशी दोन बटणं शेजारी येतात. पहिलं दाबलं की सोडलेल्या जागेपासून, दुसरं दाबलं की शून्य सेकंदापासून. ऑनलाइन अर्जात मात्र जपून: तिथे ‘स्टार्ट ओव्हर’ दाबलं तर भरलेली माहिती सहसा पुसली जाते. फोन बंद करून चालू करणं हे ‘रीस्टार्ट’, त्याला ‘स्टार्ट ओव्हर’ म्हणत नाहीत.