फेब्रुवारीत लेक सुपीरियरच्या काठी जातोय: कपडे, गोठलेलं पाणी आणि चालण्याबद्दल मार्गदर्शन हवं

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. मुलगा अमेरिकेत मिशिगन टेक विद्यापीठात एम.एस. करतोय. गावाचं नाव होटन, मिशिगन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, लेक सुपीरियर या अवाढव्य तळ्यात घुसलेल्या कीविनॉ नावाच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर. जानेवारीअखेर आम्ही दोघं त्याच्याकडे निघालोय, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुक्काम.

घरचे सगळे म्हणतात, मे महिन्यात जा, थंडीत कशाला मरायला जाताय. पण मला बर्फच बघायचा आहे. नुसता खिडकीतून नाही, त्यात चालायचंय. मी छप्पन्न वर्षांची आहे, रविवारी ग्रुपबरोबर गड चढते. हरिहर, अंजनेरी, साल्हेर झालेत, दम चांगला आहे. यांना बीपीची गोळी चालू आहे आणि उजवा गुडघा कुरकुरतो.

मुलगा म्हणतो, गोठलेल्या तळ्यावरून चालता येतं, लोक त्यावर खोपटी टाकून मासे धरतात. खरंच सुरक्षित असतं का? कपडे इथून घ्यावेत की तिथून? शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून दोन जाड स्वेटर आणून ठेवलेत. ट्रेकचे बूट तिथे चालतील का? तिथे राहिलेल्या कोणी सविस्तर लिहिलं तर फार बरं होईल.

गोदाकाठ

ताई, जरूर जा, आणि फेब्रुवारीतच जा. मी पंचवटीतला. होटनच्या पुलापलीकडे हॅन्कॉक आहे, तिथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं काढली. आता सातपूरला असतो, पण डिसेंबर लागला की मन तिकडेच धावतं.

आधी तळ्याचं बोलतो, कारण कपडे चुकले तर घरी परत येता येतं, तळ्याच्या बाबतीत तसं नाही. तुमच्या मुलाच्या गावाजवळ दोन वेगळी पाणी आहेत. एक म्हणजे होटन आणि हॅन्कॉकच्या मधून जाणारा पोर्टेज लेकचा अरुंद पट्टा. दुसरा खुद्द लेक सुपीरियर. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 82,000 चौरस किलोमीटर, आपले पाच नाशिक जिल्हे आत मावतील. सगळ्यात खोल जागी 406 मीटर. मुलगा म्हणतो ती खोपटी पोर्टेजवर असतात. तिथे शांत, आडोशाच्या जागी बर्फ चांगला धरतो. पण उंच पुलाखाली आणि ओढे येऊन मिळतात तिथे पाणी वाहतं राहतं आणि वरचा थर पातळ राहतो. शंभर पावलं मागे ट्रक उभा राहील इतका बर्फ असला तरी पुढे तसाच असेल असं धरून चालू नका.

शेजारच्या मिनेसोटा राज्याचा निसर्गसंपत्ती विभाग पायी चालायला निदान 4 इंच आणि स्नोमोबाइलला (बर्फावरून धावणारी स्कूटरसारखी गाडी) 5 ते 7 इंच बर्फ सांगतो, तोही नितळ, काळपट दिसणारा नवा बर्फ. स्नो मिसळून झालेला पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा, त्याला दुप्पट जाडी हवी. त्यातही शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा नसतोच, हे तेच लोक आधी सांगतात. म्हणून मासे धरणाऱ्यांच्या मळलेल्या वाटेनेच जा. वाटेत भेटेल त्याला विचारा, आज किती आहे. तिथल्या माणसांनी ड्रिलने भोक पाडून जाडी मोजलेली असते आणि ती न कंटाळता सांगतात. गळ्यात अडकवायचे दोन टोचे मिळतात, पडलात तर बर्फात रुतवून वर यायला. ते घ्या. आणि पडल्यावर ज्या बाजूने आलात तिकडेच तोंड फिरवायचं, कारण तिकडच्या बर्फाने तुमचं वजन पेललेलं असतं. पाय मारत पोटावर वर सरकायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं.

मोठ्या लेकवर मात्र पाऊल टाकू नका. गाववाले कितीही म्हणोत. हॅन्कॉकहून थोडं पुढे मॅकलेन स्टेट पार्क आहे, तिथे तुम्हाला नक्की नेतील. न्यावंच, कारण तसं दृश्य इथे बसून कल्पनेत येत नाही. लाटा बर्फाचे तुकडे किनाऱ्यावर ढकलत राहतात, ते एकमेकांवर चढून गोठतात आणि पुरुषभर उंचीच्या टेकड्यांची रांग उभी राहते. काही टेकड्यांना माथ्यावर तोंड असतं. खालून लाट आदळली की त्या तोंडातून पाणी कारंज्यासारखं उडतं, आणि खाली येईपर्यंत त्याचे थेंब घट्ट होतात. मफलरवर पडले की टकटक आवाज येतो. मी तासन् तास बघत उभा राहायचो.

पण त्या टेकड्या जमिनीवर नसतात. वर स्नो पसरला की वाळूचा किनारा कुठे संपला ते कळत नाही. खाली पोकळी असते आणि पोकळीत लाटा. फोटोसाठी माणूस टेकडीवर चढतो आणि आत जातो, आणि बाहेरून तो कुठे गेला तेही दिसत नाही. झाडांच्या ओळीच्या आत राहा, तिथून सगळं दिसतं.

आता कपडे. अंजनेरीला पहाटे निघतो तेव्हा चढताना बनियन भिजतं आणि पठारावर वारा लागला की हुडहुडी भरते, हे तुम्ही अनुभवलं असेल. तिथे उणे पंधराला तीच गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून अंगालगत सुती काही नको, बनियनही नको, मोजेही नकोत. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. घरातून निघताना किंचित गारठा वाटला पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं. घाम येण्याआधी चेन उघडायची, आल्यावर नाही.

तिबेटियन मार्केटचे स्वेटर घरात वापरा. पण घरं चांगली गरम असतात, दोन्ही लागतील असं नाही. मोठा कोट आणि बूट इथून घेऊ नका. इथे मिळतात ते आपल्या मनालीच्या सहलीपुरते. तिथे वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात उत्तम कोट अगदी स्वस्तात मिळतात. ट्रेकचे बूट साफ केलेल्या रस्त्यावर ठीक, स्नोमध्ये नाहीत. आत लोकरीचा थर असलेले, एक नंबर मोठे बूट घ्या. पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गार पडतात. हातमोजे चार बोटं एकत्र राहतील असे.

आणि आकडा बघताना वारा धरून बघा. उणे 18 तापमान आणि ताशी 24 किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे 28 सारखं लागतं, आणि उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. नाक, गाल, कानाच्या पाळ्या एकमेकांच्या बघत राहा. पांढुरका, मेणचट डाग दिसला की लगेच आत जा. चोळू नका.

निफाडचा द्राक्षवाला

वाचून एक शंका आली. आमच्याकडे पारा चार-पाचवर आला की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो आणि पहाटे ठिबक सोडतो, कारण पाण्याची ऊब वेलीला मिळते. मग एवढ्या मोठ्या पाण्याच्या काठी इतका बर्फ का पडतो? उलट ऊब राहायला हवी ना?

गोदाकाठ

दादा, अगदी नेमकं विचारलंत. ऊब राहतेच. त्याच रेषेत पश्चिमेला, लेकपासून लांब गेलात तर थंडी जास्त कडक लागते. होटनला जानेवारीत दुपारी साधारण उणे पाच आणि रात्री उणे बारा, हे नेहमीचं. पण स्नो पडतो तोही त्याच उबेमुळे. कॅनडाकडून कोरडा, गोठवणारा वारा येतो. लेकचं पाणी अजून न गोठलेलं, वाऱ्याच्या मानाने कोमट. वारा शेकडो किलोमीटर त्यावरून येताना वाफ उचलतो, आणि कीविनॉच्या डोंगरावर चढायला लागला की सगळी तिथेच टाकतो. तुम्ही ठिबकने जी ऊब देता तीच इथे वाऱ्याने पळवून नेली असं समजा.

म्हणून लेक जितका गोठेल तितका स्नो कमी होतो, आणि आकाश मोकळं होऊन थंडी मात्र वाढते. फेब्रुवारीत हा बदल कधीकधी डोळ्यांदेखत होतो. काही हिवाळ्यांत लेक गोठतच नाही फारसा. 2014 साली जवळजवळ सगळा झाकला होता, आणि 2024 च्या हिवाळ्यात इतकी ओढ बसली की मार्क्वेट गावची यूपी-200 ही कुत्र्यांच्या गाड्यांची शर्यत स्नो नाही म्हणून रद्द करावी लागली. तेव्हा ताई, मागच्या वर्षीचे फोटो बघून बर्फाचा अंदाज बांधू नका.

किती पडतो म्हणाल तर त्या भागात हंगामाला पाच मीटरच्या वर ही काही विशेष बाब नाही. 1978-79 च्या हिवाळ्यात 390.4 इंच पडला, म्हणजे जवळजवळ दहा मीटर. महामार्ग 41 वर त्याची उंची दाखवणारा मोजखांब उभा आहे. त्याच्या पायथ्याशी उभं राहून मान वर करा, मग आकडा कळतो.

कॉलेजरोडची मावशी

मी लेक सुपीरियरच्या दुसऱ्या टोकाला, डुलुथला, लेकीच्या बाळंतपणाला राहून आलेय. दोन गोष्टी सांगते.

पहिली तुमच्या यजमानांसाठी. मुलगा कॉलेजला गेला की घरातला पुरुष हमखास फावडं घेऊन अंगणातला स्नो उपसायला जातो, त्याला रिकामं बसवत नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, त्यात हे कष्ट. तिकडे दरवर्षी फावडं मारताना लोकांना हृदयविकाराचे झटके येतात. त्यांना फावड्याला हात लावू देऊ नका. निघण्याआधी डॉक्टरांना थंडीचं सांगून गोळीचा डोस तपासून घ्या, गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत ठेवा.

दुसरी गोष्ट, घरातली हवा फार कोरडी. नाकातून रक्त येतं, टाचा उकलतात. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. मी फुलपात्र समोर भरून ठेवायचे. खोबरेल दगड होतं, तिळाचं तेल न्या.

इंदिरानगरकर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बनियनचं यांना वाचून दाखवलं, पटलं. फावड्याचं मुलालाही फोन करून सांगितलं.

अजून दोन शंका. मुलाकडे जुनी छोटी गाडी आहे, तो म्हणतो कीविनॉच्या टोकाच्या कॉपर हार्बर गावापर्यंत जाऊन येऊ. आणि गुडघ्यामुळे यांना फार चालता येणार नाही, तर त्यांनी काय करावं? मी एकटीच मजा करतेय असं व्हायला नको.

गोदाकाठ

कॉपर हार्बर अवश्य. महामार्ग 41 तिथेच संपतो, त्याचं दुसरं टोक फ्लोरिडात मायामीला. शेवटचा टप्पा दाट झाडीतून जातो, फांद्या वाकून दोन्ही बाजूंनी जवळ आलेल्या असतात. फक्त ब्रॉकवे डोंगराचा रस्ता हिवाळ्यात साफ करत नाहीत, तिकडे गाडी वळवू नका.

गाडीला हिवाळी टायर आहेत का ते आजच विचारा. बाराही महिने चालतात म्हणून विकलेले टायर मी तिथे भरवशाचे मानत नाही. डिकीत फावडं, वाळूची पिशवी, घोंगडी, टॉर्च, खाऊ. हवामान खात्याने लेककडून स्नो येण्याचा इशारा दिला असेल त्या दिवशी कितीही ऊन दिसलं तरी निघू नका. स्नो पडण्याचा पट्टा अरुंद असतो, एका गावात लख्ख ऊन आणि पुढच्या वळणावर बॉनेट दिसत नाही. अडकलात तर गाडी सोडून चालायला लागू नका. इंजिन लावण्याआधी मात्र सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा स्नो काढा, नाहीतर विषारी वायू आत भरतो. हे मुलाला पाठ करायला लावा.

साहेबांसाठी भरपूर आहे. मिशिगन टेकचा हिवाळी कार्निवल 1922 पासून चालू आहे, त्यासाठी विद्यापीठातली मुलं महिनाभर खपून स्नोची अख्खी शिल्पं, वाडेच्या वाडे उभे करतात. शेवटची रात्र जागून काढतात. त्या रात्री गाव रस्त्यावर असतं, गाडीतून हळूहळू फिरूनही बघता येतं. दिवस असा निवडा की अंगावर वारा नको. होटन-हॅन्कॉकचा उचलता पूल 1959 चा, हिवाळ्यात मधला भाग अशा बेताने ठेवतात की खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइली जातात आणि वरून मोटारी. काठावरच्या हॉटेलात खिडकीशी बसून हे बघता येतं. तिथे पॅस्टी मागवा, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजी. तांब्याच्या खाणींत काम करायला इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार हा प्रकार घेऊन आले. भाजी भरलेलीही मिळते, आधी विचारून घ्या, नेहमीच्या पॅस्टीत गोमांस असतं.

हॅन्कॉकला फिनलंडहून आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी. जानेवारीअखेर त्यांचा हेइकिनपाइवा नावाचा हिवाळी उत्सव असतो, तारीख जुळली तर चुकवू नका. मुलाचा कोणी फिनिश मित्र असेल तर सौनाला, म्हणजे लाकडी खोलीत कडक गरम हवेत बसायला, बोलावणं येईलच. गुडघ्याला आराम पडतो, पण बीपीमुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि तिथून धावत जाऊन बर्फात लोळणं तर अजिबात नको.

तुमच्यासाठी स्नोशू, म्हणजे पाय स्नोत रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या पसरट चौकटी. विद्यापीठात भाड्याने मिळतात. साल्हेर चढलेल्या माणसाला तंत्र पाच मिनिटांत येतं, पाय किंचित फाकवून टाकायचे एवढंच. विद्यापीठामागच्या जंगलात आखलेल्या वाटा आहेत, पण स्कीसाठी ओढलेल्या रेघांवरून चालू नका, त्या बिघडल्या की तिथले लोक मनापासून दुखावतात. सूर्य आठ ते साडेआठच्या दरम्यान उगवतो, तेव्हा नऊ-साडेनऊला निघून जेवणापर्यंत परत या. फोन आतल्या खिशात, अंगाशी. थंडीत बॅटरी झटकन उतरते.

इंदिरानगरकर

मुलाला विचारलं, टायर बाराही महिन्यांचेच निघाले. या आठवड्यात बदलून घेतो म्हणालाय. बिलाचे पैसे आम्ही देतोय.