खुब्यात रॉड टाकल्यावर वजन कधी टाकायचं? जगभरचं संशोधन वाचून पडलेले प्रश्न (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्या मावशीच्या (वय ८१, सातारा जिल्हा) खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. इंटरट्रोकँटेरिक फ्रॅक्चर (मांडीच्या हाडाच्या मानेखाली जे दोन उंचवटे, म्हणजे ट्रोकँटर, असतात त्यांच्यामधली मोड), अस्थिर प्रकार, ३१-ए२ असं रिपोर्टात लिहिलंय. हाडाच्या पोकळीत रॉड टाकलाय, पीएफएनए जातीचा; त्यातून स्क्रूसारखं एक ब्लेड हाडाच्या डोक्यात जातं. डिस्चार्ज कार्डावर सूचना आहे: सहा आठवडे पायावर वजन टाकू नये. आता ८१ वर्षांच्या बाईने वॉकर धरून एका पायावर चालायचं कसं? तिच्या हातांत तेवढा जोर नाही. परिणामी ती पलंगावरच आहे, आणि मला फ्रॅक्चरपेक्षा या पलंगाची भीती जास्त वाटते.

पुढच्या तपासणीला जाताना नेमकं काय विचारावं हे कळावं म्हणून बरंच वाचलं. समजलंय ते लिहिते, चुकत असेल तिथे जाणकारांनी सांगावं.

'अस्थिर' म्हणजे हाड मोडताना आतल्या बाजूचा, लहान ट्रोकँटरजवळचा आधारही तुटलाय, किंवा बाहेरची भिंत इतकी पातळ उरलीय की ती टिकणार नाही. २०१८ च्या एओ वर्गीकरणात (फ्रॅक्चरचे प्रकार ठरवण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत; ३१-ए२ हा तिचाच क्रमांक) ही भिंत २०.५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर फ्रॅक्चर ए२ मध्ये धरतात. ए३ म्हणजे मोडीची रेघ उलट्या तिरक्या दिशेने किंवा आडवी बाहेरच्या भिंतीतून जाते, ते आणखी अवघड. आधार नसला की शरीराच्या भाराने मांडीच्या हाडाची मान खाली झुकते आणि स्क्रू हाडाचं डोकं फाडून बाहेर येऊ शकतो. त्यावरचा सर्वांत उपयोगी आकडा मला १९९५ सालचा सापडला. बाउमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या शेंड्यापर्यंतचं अंतर समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्स-रेमध्ये मोजून बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असेल तर स्क्रू बाहेर येण्याचा धोका फार कमी होतो. हे मोजमाप मावशीच्या एक्स-रेवर कुणी करून दिलं तर किती बरं होईल.

मग रॉड बरा की प्लेट, हा वाद. अमेरिकेच्या अस्थिशल्य अकादमीची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं अस्थिर प्रकाराला रॉडच सांगतात. ब्रिटनच्या नाइसने (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी सरकारी संस्था) २०११ मध्ये ए१ (साधा, स्थिर प्रकार) आणि ए२ दोन्हींसाठी सरकत्या स्क्रूची प्लेट पसंत केली होती. सगळ्या चाचण्या एकत्र करणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात रुग्णाच्या हालचालीत आणि मृत्युदरात दोन्हींत फारसा फरक आढळला नाही. रॉडमध्ये संसर्ग आणि हाड न जुळणं कमी, पण रॉडभोवती हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण जास्त.

एवढं असूनही वाचायला बसलं की रॉडच्या आकारावर, ब्लेड की दोन स्क्रू यावर, संगणकावर भार टाकून पाहणाऱ्या प्रतिमानांवर ढीगभर लेख मिळतात, चीनमधून तर अलीकडे फारच. ते काम महत्त्वाचं आहे, पण म्हातारी माणसं उठून चालू लागतील का याचं उत्तर मला वेगळ्याच चाचण्यांत मिळालं. 'हिप अटॅक' (२०२०) ही चाचणी भारतासह १७ देशांत २,९७० रुग्णांवर झाली. निदानापासून साधारण सहा तासांत ऑपरेशन केल्याने, साधारण २४ तासांत केलेल्यांच्या तुलनेत, मृत्यू कमी झाले नाहीत. पण भ्रम होण्याचं प्रमाण घटलं आणि माणसं लवकर उभी राहिली. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या २०१५ च्या अभ्यासात अशा वृद्धांना अस्थिरोग वॉर्डाऐवजी वृद्धरोगतज्ज्ञांच्या वॉर्डात ठेवलं, तर चार महिन्यांनी त्यांची हालचाल जास्त चांगली होती. आपल्याकडे तालुक्याच्या गावी असं काही दिसत नाही, याचं फार वाईट वाटतं.

माझे प्रश्न: वजन न टाकण्याची सूचना ए२ ला सरसकट असते का? आणि झोलेड्रॉनिक ॲसिडचं (हाडांची झीज रोखणारं औषध) इंजेक्शन हिला द्यायला सांगावं का? कार्डावर कॅल्शियमशिवाय हाडांसाठी काहीच नाही.

प्रतिसाद १ (अस्थिरोग विभागात काम करतो)

ताई, एक्स-रे न बघता 'टाका वजन' असं कुणीही सांगू नये, मीही सांगणार नाही. पण प्रश्न योग्य आहे. अमेरिकन तत्त्वांत ऑपरेशननंतर लगेच, सोसेल तेवढं पूर्ण वजन टाकायला हरकत नाही असं आहे, आणि नाइस दुसऱ्या दिवशीच उठवायला सांगतं. २०१८ मध्ये म्युनिकच्या डॉक्टरांनी वृद्ध रुग्णांच्या बुटात दाब मोजणारे तळवे घातले. 'थोडंच वजन टाका' ही सूचना त्यांना पाळताच येत नाही असं दिसलं.

तरी थांबवायला खरी कारणं असू शकतात: तुकडे नीट जुळले नाहीत, स्क्रू वरच्या भागात गेला, किंवा रॉड घालताना बाहेरची भिंत फुटली. शांघायच्या चांग शी-मिन यांच्या गटाने मांडलेला मुद्दाही बघायला सांगा. मानेचा आतला काठ खालच्या हाडाच्या आतल्या काठापेक्षा किंचित आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या मांडीकडे, टेकलेला असेल तर ती मान खाली घसरायला आधार मिळतो. तो बाहेरच्या बाजूला सरकून खालच्या हाडाच्या पोकळीकडे गेला असेल तर मीही जपून राहीन.

सर्जनना एवढंच विचारा: "हिच्या हाडात काही खास कारण आहे म्हणून वजन थांबवलंय, की नेहमीची सूचना आहे?" चांगले सर्जन या प्रश्नाला रागावत नाहीत.

प्रतिसाद २ (फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर)

उत्तर येईपर्यंत पलंगावर नुसतं झोपवू नका. घोटे वरखाली, मांडीचे स्नायू आवळून सोडणं, आणि जेवण खुर्चीत बसूनच. कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवा. अंडी, डाळी, दूध यांकडे लक्ष द्या, या दिवसांत स्नायू झपाट्याने जातात. एका पायावर उभं राहायला लावू नका, दुसरा खुबा मोडून आलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत.

प्रतिसाद ३ (पुन्हा अस्थिरोगवाला)

इंजेक्शनचं राहिलं. होरायझन चाचणीत (२००७) खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिड सुरू करून वर्षातून एकदा दिलं. नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. पहिले दोन आठवडे मात्र सोडतात. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे औषध नको, दुसरे पर्याय आहेत.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. तुमचा प्रश्न कागदावर जसाच्या तसा उतरवून घेतला. मावशीचं क्रिएटिनिन ऑपरेशनच्या वेळी १.४ होतं, वजन ४४ किलो. या आकड्यावर इंजेक्शन चालेल का, की त्यासाठी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना आधी दाखवावं?