चिलीला झोडपण्याआधी
न्यूयॉर्क मेट्स या अमेरिकी बेसबॉल संघातल्या लिंडोरची बॅट रुसली म्हणून फलंदाजी कोच चिली डेव्हिसला शिव्या, हे काही पटलं नाही. मे 2021 मध्ये मेट्सनी त्याला काढलं तेव्हा जेमतेम 23 सामने झाले होते; इतक्यात लोणचंसुद्धा मुरत नाही. 2019 मध्ये मेट्सच्याच पीट अलोन्सोने पहिल्याच हंगामात 53 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) ठोकले, तेव्हा कोच हाच होता की!

ताशी 95 मैलांचा फास्टबॉल (वेगवान चेंडू) साधारण 0.4 सेकंदांत प्लेटवर, म्हणजे फलंदाजापुढे येतो. फलंदाजाचा पुढचा पाय लवकर टेकला की वजनही आधीच पुढे जातं, मग थोड्या हळू येऊन बाहेर वळणाऱ्या चेंडूवर, म्हणजे स्लायडरवर, नुसता वारा घालायचा. केजमध्ये (सरावाच्या जाळीत) गती बदलत चेंडू खेळवून हे सुधारतं, पण सामन्यात पाय टेकणार फलंदाजच. चिलीने काय डगआउटमधून दोरी ओढायची?